घमेल्यातली लोहारभट्टी: कोळसा, करवंट्या, वडापावचं तेल आणि गॅस

भांडुपला मामाचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रिल, जिने, शटरची डागडुजी, असली कामं. गाळ्याच्या मागे पत्र्याची पडवी आणि तिच्यापुढे थोडी मोकळी जागा. तिथे एका रविवारी मी जुन्या घमेल्यात माती थापून पहिली लोहारभट्टी पेटवली. कोळसा नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून अर्धं पोतं आणलेला, भात्याच्या जागी बहिणीचा हेअर ड्रायर. दीड तासात कोळसा संपला. दहा एमएमची सळी लाल तर झाली, पण ऐरणीवर ठेवून दोन घाव घालेपर्यंत काळी पडायची आणि दर वेळी तिच्या अंगावरून राखाडी खपल्या गळायच्या. साधा एक आकडा (हुक) करायचा होता, तोही पुरा झाला नाही. मामा कटिंग घेत शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "कोळसा जाळलास की पैसे?"

पुढच्या आठवड्यात शिळफाट्याकडे जाताना रस्त्याकडेला घिसाडी (भटक्या लोहार) कुटुंबाचं पाल दिसलं आणि मी गाडी थांबवली. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात शिरलेली एक नळी, नळीच्या टोकाला हाताने फिरवायचा पंखा. खड्ड्यात जेमतेम दोन-तीन मुठी कोळसा. नवरा सांडशीत खुरपं धरून बसलेला, बायको घण घालत होती आणि पोरगं पंखा फिरवत होतं. माझ्या अर्ध्या पोत्यात जे झालं नाही ते यांच्या दोन मुठींत होत होतं. ते का, हे समजून घेताना मला इंधन, हवा आणि लोखंड यांचा जो हिशेब लागला तो इथे मांडतो. भट्टी बांधायची नसली तरी तो समजायला हरकत नाही. शेगडीपासून बेकरीपर्यंत तोच हिशेब चालतो.

सुपारीएवढा कोळसा

आधी आकडे बघू. एक किलो लोखंड १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ढोबळमानाने १९० किलोकॅलरी उष्णता लागते. दहा एमएमच्या सळीचं सहा इंच टोक भरतं सुमारे ९४ ग्राम. म्हणजे त्याला लागतात १८ किलोकॅलरी. चांगल्या लाकडी कोळशाच्या एका ग्रामात ७ किलोकॅलरी असतात. भागून बघा: अडीच-तीन ग्राम कोळसा. सुपारीएवढा एक तुकडा! मी जाळलं अर्धं पोतं.

मग बाकीची उष्णता गेली कुठे? चाळीतलं पाण्याचं पिंप आठवा. पिंपाच्या अंगाला वरपासून खालपर्यंत भोकं आहेत आणि तुम्ही वरून नळ सोडलाय. पाण्याची पातळी कुठवर चढेल? आत येणारं पाणी आणि गळणारं पाणी सारखं होईल तिथवर. पातळी चढेल तशी जास्त भोकं पाण्याखाली येतात, गळती वाढते. भट्टीचं तापमान म्हणजे ही पातळी. कोळसा जळण्याचा वेग म्हणजे नळ. आणि वर जाणारे गरम वायू, भट्टीच्या भिंती, उघड्या तोंडातून बाहेर पडणारी धग, ही सगळी भोकं.

यातली धग फार महागात पडते. तापलेली वस्तू किती उष्णता बाहेर फेकते हे तिच्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं (तापमान केल्विनमध्ये मोजून, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून). ९०० अंशांवरून १२०० अंशांवर जायचं म्हटलं की उघड्या तोंडातून जाणारी धग जवळजवळ अडीच पट होते. लाल रंगापर्यंत सगळेच पोचतात, पिवळ्यापर्यंत पोचताना दमछाक होते, ती यामुळे. आणि लोखंड मनासारखं वळतं ते केशरी-पिवळ्यात. नुसत्या लाल सळीवर घाव घालणं म्हणजे थंड पडलेल्या गुळाचा चिक्की-लाडू वळण्यासारखं आहे.

तेव्हा उपाय दोनच: नळ मोठा करा किंवा भोकं बुजवा. घिसाड्याने दोन्ही केलं होतं. जमिनीतला खड्डा म्हणजे आयती जाड भिंत, छोटा निखारा म्हणजे छोटं तोंड, आणि पंखा. माझं घमेलं मात्र पसरट, ताटासारखं. निखारे लांबरुंद पसरलेले, खोली चार बोटं. अर्ध्या पोत्याची धग मी भांडुपच्या आभाळाला दिली.

हवेचा हिशेब

आता नळ. इथे मला वाटायचं की जास्त कोळसा म्हणजे जास्त आग. कोळसा नुसता पडून राहतो, जळण्याचा वेग ठरवते ती हवा. पावसाळ्यात चौपाटीवरचा कणीसवाला बघा. शेगडीत कोळसा तेवढाच असतो. गिऱ्हाईक आलं की तो पुठ्ठ्याने वारा घालतो, निखारे फुलतात. गिऱ्हाईक गेलं की हात थांबतो, निखाऱ्यावर राख धरते, कोळसा वाचतो. भाता म्हणजे या पुठ्ठ्याचं मोठं भावंड.

हवा लागते तरी किती? एक किलो लाकडी कोळसा पुरता जळायला साधारण ९ घनमीटर. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे २५ घनमीटर हवा मावते. म्हणजे किलोभर कोळसा खोलीतली एक तृतीयांशाहून जास्त हवा गिळतो. त्या हवेत कामाचा प्राणवायू फक्त २१ टक्के. बाकीचा जवळजवळ सगळा नायट्रोजन विदाउट तिकीट प्रवास करतो: थंड येतो, तुमच्या पैशाने तापतो आणि निघून जातो. म्हणून गरजेपेक्षा जास्त हवा सोडली तर भट्टी थंड पडते. स्कॉटलंडच्या जेम्स बोमंट नीलसनने १८२८ मध्ये लोखंडाच्या मोठ्या भट्टीत आधीच तापवलेली हवा सोडायचं पेटंट घेतलं, त्यामागची युक्ती हीच. फुकट्याला बाहेरच तापवून आत घेतलं की आतली उष्णता वाचते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे माझ्या सळीच्या खपल्या निघत होत्या. निखाऱ्यांच्या ढिगात सगळीकडे सारखी आग नसते. नळीच्या तोंडापाशी प्राणवायू भरपूर. तिथे कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होतो. थोडं पुढे, थोडं वर गेलं की प्राणवायू संपत आलेला असतो, पण उष्णता पुरती असते. हा भट्टीचा गाभा. त्याच्याही वर कार्बन डायऑक्साइडची गाठ तापलेल्या कोळशाशी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या क्रियेत उष्णता निघत नाही, उलट शोषली जाते.

लोखंड नळीच्या तोंडाशी ठेवलं की प्राणवायू कोळशाबरोबर लोखंडालाही खातो. खपल्या म्हणजे लोखंडाचा जळका गंज. मी पहिल्या दिवशी नेमकं तेच करत होतो, कारण तिथे निखारा सगळ्यांत उजळ दिसायचा. सळी ठेवायची ती नळीच्या वर तीन-चार इंच, आडवी, आणि तिच्या डोक्यावरही दोन-तीन इंच कोळसा हवा. टोक खाली खुपसून भाला रोवल्यासारखी ठेवलीत तर टोक परत हवेच्या झोतात जातं. एवढं एक बदललं आणि दुसऱ्या रविवारी आकडा झाला. वाकडा झाला, पण झाला.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल जरा थांबून बोलायला हवं. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. बंद खोलीत, बाल्कनीत, जिन्याखाली, शटर खाली ओढलेल्या गाळ्यात कोळशाची भट्टी पेटवायची नाही. पडवीला वर पत्रा आणि तीन बाजू मोकळ्या, एवढं किमान हवं. मुंबईत भट्टी बांधायची तर पैशाची किंवा सामानाची अडचण येत नाही, अडचण येते ती या मोकळ्या जागेची. सोसायटीच्या गच्चीचा विचार करत असाल तर सोडून द्या. सेक्रेटरी यायच्या आधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पापुद्रे वर येतील.

घमेलं, माती आणि नळी

बांधणी सोपी आहे, तरी तीन ठिकाणी लोक हमखास फसतात.

पहिलं, अस्तर. घमेल्याला आतून सिमेंट थापू नका. सिमेंटमध्ये धरून ठेवलेलं पाणी आच लागली की वाफ होऊन सुटतं आणि थर तडकतो, कधीकधी चक्क उडतो. नदीतले गोटेही याच कारणाने वाईट. दुसरा मोह प्लास्टर ऑफ पॅरिसचा. गणपतीच्या मूर्तींमुळे आपल्याकडे ते सहज मिळतं, आणि पीओपीत वाळू कालवून भट्टी करायची पाककृतीही सर्रास सांगितली जाते. चार-दोन वेळा चालते, मग भेगा पडून भुगा होतो. पीओपी मुळात पाणी धरून घट्ट होतं आणि हे पाणी दीड-दोनशे अंशांतच निघून जातं. मी वापरली ती चिकणमाती: दोन भाग माती, तीन भाग वाळू, थोडी चाळलेली राख आणि भाताचं तूस. नुसती माती सुकताना आकसते, वाळू तिला आवरते. तूस पहिल्याच आगीत जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. अडकलेली हवा उष्णता अडवते, त्यामुळे पिंपाचं एक भोक बुजलं म्हणा. अस्तर तीन बोटं जाड, आणि मधला खड्डा ताटासारखा ठेवायचा नाही, उखळासारखा खोल करायचा. आठवडाभर सावलीत सुकवा, मग बारीक काटक्यांच्या आगीवर तासभर शेका. घाई केली तर भेगा पडणारच, पण त्या ओल्या मातीने लिंपता येतात. सिमेंटला ती सोय नाही. ज्यांना पैसे घालायचे आहेत त्यांनी फायर ब्रिक, म्हणजे आच सोसणारी वीट घ्यावी. ती जड असते, तापायला वेळ घेते, पण टिकते.

दुसरं, नळी. एक ते दीड इंची काळा एमएस (साध्या पोलादाचा, बिनमुलाम्याचा) पाइप घ्या. प्लंबरकडे उरलेला जीआय पाइप कितीही फुकट मिळाला तरी नको. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर लोकांना हा ताप चांगला माहीत असतो. मुलामा दिलेले नट-बोल्ट, साखळ्या, बिजागऱ्या भट्टीत घालायच्या नाहीत, त्याचंही कारण हेच.

नळी घमेल्याच्या बाजूने आत आणा, खड्ड्याच्या तळापासून तीन बोटं वर, म्हणजे खाली राख साठायला जागा राहते. मी तिला बाहेरच्या बाजूला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून खालच्या टोकाला सैल झाकण लावलं. हे झाकण महत्त्वाचं. पंखा थांबला की निखाऱ्यातला कार्बन मोनॉक्साइड उलटा नळीत उतरतो. पाच मिनिटांनी पंखा परत सुरू केलात की हवेशी मिसळून त्याचा भडका उडू शकतो. सैल झाकण असलं की ते उडून पडतं, नळी फुटत नाही. पंखा थांबवताना झाकण उघडून ठेवायची सवय त्याहून बरी.

तिसरं, हवा. हेअर ड्रायर चालतो, पण त्याची हीटरची बाजू बंद ठेवून आणि हात-दीड हात लांब नळीच्या टोकाला. त्याचा खरा दोष असा की त्याला कणीसवाल्यासारखं थांबता येत नाही. मध्ये एक व्हॉल्व्ह टाकला तर बरं. मला शेवटी हाताने फिरवायचा ब्लोअरच आवडला. नावाला भुलून तो शोधायला आधी लोहार चाळीत गेलो होतो. तिथे वायरी, स्विच आणि झुंबरं मिळाली. ब्लोअर मिळाला नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरवाल्यांकडे.

ऐरणीसाठी सगळे रुळाचा तुकडा सुचवतात. मुंबईत साठ किलोचा रूळ म्हणजे मीटरला साठ किलो, फूटभर तुकडा अठरा किलोचा, कामाला झकास. पण रेल्वेचं सामान बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भंगारवाल्याकडे पावती मागा, नसेल तर हात लावू नका. मी दारूखान्यातून, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथून, जाड प्लेटचा ठोकळा उचलला, जहाजाच्या पोटातला असावा. तो पुरतो.

इंधनांची फेरी

लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा कोळसा, यावर सुरुवात करा. लोखंडाचा जगभरातला पहिला हजारो वर्षांचा इतिहास याच कोळशावर झाला. गंधक नाही, राख थोडी, आग झटकन धरतो, हवा थांबली तरी जिवंत राहतो. तोटा एवढाच की हलका असल्यामुळे भराभर संपतो आणि ठिणग्या उडवतो. तुकडे सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान हवेत. मोठे असले तर मधल्या फटींतून हवा न जळताच वर जाते, भुगा असला तर हवाच कोंडते. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं तर कोळसा दमट होतो आणि आगीचा काही हिस्सा त्याला सुकवण्यात जातो. आपल्याकडचा बराचसा कोळसा ज्या भट्ट्यांवर होतो तिथे रायगड-ठाण्याची कातकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत, कित्येकदा उचल घेऊन वेठबिगारासारखी. इस्त्रीवाल्याच्या दुकानात पोत्याकडे बघताना हे आठवत नाही, म्हणून सांगितलं.

थेट लाकूडच का जाळू नये? सुक्या लाकडात किलोला साधारण ३५०० किलोकॅलरी, कोळशाच्या निम्म्या. त्यातही लाकडातलं पाणी आधी उकळावं लागतं. मग धूर आणि ज्वाळा निघतात, आणि लाकडाची बरीचशी उष्णता या ज्वाळेत असते. ज्वाळा वर जाते, लोखंडाला वळसा घालून. निखारा उरतो तेव्हा कुठे काम सुरू होतं. म्हणजे लाकूड जाळणारा माणूस भट्टीतच कोळसा पाडत असतो, मात्र धूर शेजाऱ्यांच्या नाकात. गोदीकडची पॅकिंगची लाकडं फुकट मिळतात, त्यांवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता दिलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. दुसरी चुलीतसुद्धा नको.

करवंट्या हा माझा लाडका प्रयोग. नारळी पौर्णिमेपासून गणपतीपर्यंत आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांतून करवंट्या गोळा केल्या. (शहाळ्यांचा उपयोग नाही, ती ओली आणि तंतूंची.) मग वसईला आत्याच्या वाडीत एका पत्र्याच्या डब्यात त्या भरल्या, झाकणाला एक बारीक भोक पाडलं आणि डबा आगीत ठेवला. आत हवा नसल्यामुळे करवंट्या जळत नाहीत. आधी वाफ येते, मग पिवळट धूर, मग भोकातून निघणारा वायू आपणहून पेट घेतो आणि स्टोव्हच्या बर्नरसारखी ज्योत फुरफुरते. ती विझली की समजायचं, आत कोळसा तयार. वजनाने पाव ते तिसरा हिस्सा उरतो. हा कोळसा घट्ट असतो, राख अगदी कमी, आणि लाकडी कोळशापेक्षा जास्त वेळ पुरतो. मात्र त्याच्या वाकड्या चपट्या कपच्या एकावर एक बसून हवा अडवतात, म्हणून मी तो निम्मा लाकडी कोळशात मिसळतो. आत्याने सगळा सोहळा बघून एकच विचारलं, "याचं मंजन करशील का?"

बॉयलरवाले ज्याला पांढरा कोळसा म्हणतात ते ब्रिकेट भुईमुगाच्या टरफलांचे, उसाच्या चिपाडाचे, लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले दांडके. नावात कोळसा असला तरी जात लाकडाची: धूर, ज्वाळा आणि कमी धग. बॉयलरला ज्वाळाच हवी असते, तिथे ते उत्तम. लोहारभट्टीत मला ते जमले नाहीत. बार्बेक्यूचे कोळशाचे ब्रिकेट थोडे बरे, पण स्टार्चने चिकटवलेले असल्यामुळे जोराच्या हवेत विस्कटतात आणि राखेचा ढीग करतात.

दगडी कोळशात दम असतो, पण आपल्या देशातल्या बहुतेक कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. ही राख वितळून नळीच्या तोंडाशी काचेसारखा खंगर होऊन बसते आणि हवा तोडते. तो आकडीने उपसावा लागतो. कोक म्हणजे दगडी कोळसा हवेविना भाजून धूर काढून टाकलेला. करवंट्यांचं जे केलं तेच. १७०९ मध्ये इंग्लंडच्या एब्राहम डार्बीने कोकवर लोखंड गाळलं आणि तिथून लोखंडाचा लाकडाशी असलेला संबंध सुटत गेला. घमेल्याच्या भट्टीला कोक जड जातो: पेटायला हट्टी, आणि हवा थांबली की विझतो.

वडापावचं तेल

जळकं तेल हे इंधन म्हणून फार मोहक दिसतं. किलोला ९००० किलोकॅलरी, आणि नाक्यानाक्यावर मिळणारं. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या पोलर कंपाउंडवर, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात साचणाऱ्या खराब घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढचं तेल परत कढईत जाऊ नये, बायोडिझेलला जावं असा हेतू. ओळखीच्या वडेवाल्याने डबाभर दिलं.

अडचण अशी की तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे समजवायला नको. आधी स्पिरिटने बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, मग रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत. बर्नर नीट तापला नसेल तर पिवळा भडका आणि काजळी. खाद्यतेलाचं तर याहून कठीण, ते पेटतं तीनशे अंशांच्या आसपास आणि रॉकेलपेक्षा कितीतरी घट्ट. त्याला आधी लालभडक तापलेली भट्टी लागते किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने त्याचं धुकं करावं लागतं. माझ्याकडे झालं ते असं की पहिली वीस मिनिटं गाळ्यांच्या अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीला बटाटेवड्याचा वास, मग काळा धूर. तेलात वड्यांचं पाणी होतं, ते तापून फटफट उडालं. मी बंद केलं. गाडीच्या इंजिनचं जळकं तेल तर त्याहून वाईट, त्यात धातू आणि रसायनं असतात.

तरी डबा वाया गेला नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्याच्या पोलादाला पाणी पाजायला, म्हणजे तापवून झटकन निववून कडक करायला, तेलच लागतं. पाण्यात बुडवलं तर ते फार पटकन निवून तडकतं, तेलात सबुरीने निवतं. गाळलेलं वडापावचं तेल कोमट करून त्यात बुडवतो. मात्र डबा धातूचा, झाकण हाताशी, आणि भट्टीपासून चार पावलं लांब.

गॅस

मुंबईत पुढची भट्टी गॅसचीच असणार, आवडो न आवडो. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पावाच्या भट्ट्यांची ही गत, तर हौशी लोहाराचं कोण ऐकणार? इस्त्रीवालेही एव्हाना गॅसच्या इस्त्रीकडे वळू लागले आहेत.

एलपीजीत किलोला ११००० किलोकॅलरी. पण गॅसचा निखारा नसतो, सगळी उष्णता ज्वाळेत. म्हणजे लाकडाचीच अडचण! म्हणून गॅसची भट्टी बंद नळकांड्यासारखी असते: बाहेर पत्रा, आत १२६० अंश सोसणारी सिरॅमिक वूल, तिच्यावर रिफ्रॅक्टरी मॉर्टरचा (आच सोसणाऱ्या गाऱ्याचा) लेप. ज्वाळा आत गोल फिरते, भिंती तापून उजळतात आणि त्यांची धग लोखंडाला तापवते. लेप टाळू नका, त्या लोकरीचे तंतू फुप्फुसाला वाईट.

हवेचा हिशेब इथेही सुटत नाही. एका भाग प्रोपेनला २४ भाग हवा लागते, ब्युटेनला ३१. बारीक भोकातून जोरात सुटणारा गॅस स्वतःबरोबर ही हवा ओढून घेतो. म्हणून घरगुती शेगडीचा कमी दाबाचा रेग्युलेटर चालत नाही, दाब बदलता येणारा लागतो. घरगुती सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदा आहे, १९ किलोचा व्यावसायिकच घ्या. हवा कमी पडली तर तोंडातून लांब पिवळी जीभ बाहेर येते, तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. हवा जास्त झाली तर परत खपल्या. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरून गटारात साचतो. आमच्या गाळ्यात मधोमध गटाराची जाळी आहे, म्हणून मामाने सिलिंडर बाहेर ठेवायला लावला.

विजेवरचा इंडक्शन हीटर हा एक निर्धूर पर्याय. तांब्याच्या वेटोळ्यात सळी धरली की थोड्याच वेळात लाल. पण वेटोळ्यात मावेल तेवढंच तापतं, आणि ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व गेलं की तापण्याचा जोर एकदम मंदावतो.

मीठ आणि लोहचुंबक

हेच ७७० अंश पाणी पाजणाऱ्याच्या कामाचे. तापलेलं पोलाद तारेला बांधलेल्या चुंबकाला चिकटेनासं झालं की ते त्या तापमानापलीकडे गेलं. दुसरी खूण स्वयंपाकघरातली: मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पात्यावर चिमूटभर टाका, पाणी होऊन पसरलं की समजा. नुसत्या रंगावर जायचं तर सावलीत काम करा. उन्हात लाल सळीसुद्धा काळी दिसते आणि हात तिथेच भाजतात. पांढरा रंग येऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या सुटल्या तर सळी जळाली, ते टोक कापून टाका.

पाणी पाजायचं तर लोखंडात कार्बन हवा. बांधकामाच्या टीएमटी सळीत तो फार थोडा, आकडे-खुंट्यांना ठीक, सुरीला नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा जरा जास्त असतो. विळ्या-कोयते त्याचेच करतात.

काम संपलं की भट्टीवर पाणी ओतू नका. मातीचं अस्तर तडकतं आणि वाफेबरोबर गरम राख तोंडावर येते. निखारे चिमट्याने पत्र्याच्या डब्यात काढा आणि घट्ट झाकण लावा. हवा तुटली की कोळसा विझतो आणि पुढच्या रविवारी तोच वापरता येतो. मात्र सकाळी लगेच झाकण काढून पोत्यात ओतू नका. मी एकदा ओतला. दुपारी मामाचा फोन आला, पोत्याला धूर येतोय म्हणून.